नववी चौकट

हिरव्या शाईचं एक पेन. टोपण दातांनी चावलेलं.

पाच सुयांचा एक पंच. जुन्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेला.

एका बाईने तीन वेळा विचारलेला एकच प्रश्न.

फाटकापाशी लावलेली गाडी.

सहा शिट्ट्या.

यातलं काहीही मी रचलेलं नाही. पेन मी हातात घेतलंय. पंच पाहिलाय. बाकीचं माझ्या सख्ख्या मामाने सांगितलं, तेही अर्धवट, तीन वेगवेगळ्या भेटींत. आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

निदान तेव्हापर्यंत मला तसं वाटत होतं.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही घडली रविवारी दुपारी, चार ते साडेपाचच्या दरम्यान. आभाळ भरलेलं होतं, एवढंच.

१

मामा जमिनीची मोजणी करतो. आठवडाभर लोकांच्या हद्दी मोजायच्या आणि रविवारी सुट्टी म्हणून... पुन्हा नकाशेच काढायचे. मामी म्हणते, "ह्यांना स्वर्गात पाठवलं तरी आधी साखळी टाकून मोजून घेतील."

शहराच्या कडेला एक मोठी बाग आहे. पुढे बाकडी, घसरगुंडी. मागे नुसतं रान. त्या रानात मामाचा क्लब ओरिएंटिअरिंगचा खेळ घ्यायचा. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळायचं. झाडीत केशरी-पांढरी निशाणं लपवलेली असतात, ती क्रमाने शोधायची. प्रत्येक निशाणाशी एक पंच टांगलेला. त्याने आपल्या कार्डावरच्या चौकटीत टोचायचं. प्रत्येक पंचाच्या सुयांची मांडणी वेगळी, त्यामुळे लबाडीला वाव नाही.

नियम एकच, पण दगडावरची रेघ. शर्यत पूर्ण करा किंवा अर्ध्यात सोडा, टेबलापाशी येऊन नाव सांगायचंच. मग यादीत तुमच्या नावापुढे टिक होते. सगळ्या टिका झाल्याशिवाय रानातलं एकही निशाण काढायचं नाही.

हा नियम मामानेच केलेला.

टिक हिरव्या शाईत. तीही त्याचीच हौस.

२

क्लबात एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ यायचे. सत्तरी उलटलेली. सगळे त्यांना घड्याळजी म्हणायचे. आणि ते दर वेळी शेवटचे यायचे, म्हणजे टिंगलीला आयतं निमित्त.

"काका, सेल बदला आता!"

"बदलतो की. तुझी चावी किती पुरते ते बघू आधी," म्हातारा हसत हसत म्हणायचा.

हळू होते. पण एक निशाण सोडायचे नाहीत. सापडेपर्यंत शोधायचे.

मागच्या वर्षीचा तो रविवार. सत्तावीस जण आत गेले. साडेचारपर्यंत सव्वीस टिका झाल्या. सत्ताविसावे घड्याळजी.

बाकीचे पांगले. मामा एकटा उरला. वारा सुटला होता, हात गारठले होते. मामाला वाटलं, म्हातारा कंटाळून मागच्या दाराने बस पकडून गेला असणार.

मामा रानात गेला आणि निशाणं काढायला लागला. नवव्यापासून. उलट क्रमाने.

नववं निशाण एका वाकड्या झाडाला होतं. त्या झाडापुढे दहा पावलांवर जुनी दगडाची खाण. कड झुडपांनी झाकलेली. निशाण दिसलं की माणूस टोचणार आणि मागे फिरणार. आणि निशाण दिसलंच नाही तर...

...तर पुढे शोधत जाणार.

मामा टेबलाशी परतला. यादीत एकच जागा रिकामी होती. त्याने ती भरली. हिरवी टिक. शेजारी वेळ: पाच वाजून पाच मिनिटं.

गाडीत सामान भरताना शिट्टी ऐकू आली.

सहा वेळा.

मग मिनिटभर काही नाही.

पुन्हा सहा.

प्रत्येक खेळाडूच्या गळ्यात शिट्टी असते. अडकलात, तर मिनिटाला सहा वाजवायच्या. हे मामाच सगळ्यांना शिकवायचा.

पण रानाला लागून फुटबॉलचं मैदान आहे. मामाने ठरवलं, सामना चालू असेल.

तो घरी आला.

३

रात्री नऊला घड्याळजींच्या बायकोचा फोन आला.

"अहो, हे अजून घरी नाही आले. तिकडनं निघाले होते ना?"

आता बघा, इथे मामाला तोंड उघडायला जागा होती. एका वाक्याचं काम होतं. पण यादीवर त्याच्या हाताची टिक होती.

"हो काकू, आले होते परत. मी स्वतः टिक केली."

म्हणून रात्रभर घड्याळजींना सगळीकडे शोधलं. दवाखाने, बसथांबे, मुलीचं सासर. रानात कुणी गेलं नाही. रानातून तर ते बाहेर आले होते ना!

सकाळी कुत्रा घेऊन पळणाऱ्या एका माणसाला ते खाणीत दिसले. मुठीत कार्ड. आठ चौकटी टोचलेल्या. नववी कोरी.

डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत होते.

काकूंनी खाणीच्या कडेला उभं राहून पुन्हा विचारलं. "परत आले होते ना, खरंच?"

"हो काकू."

महिन्याने आमच्या मामाच्या दारात येऊन तिसऱ्यांदा. "परत आले होते ना? मग पुन्हा आत कशाला गेले हो?"

"नववं राहिलं होतं ना. राहवलं नसेल त्यांना."

काकू मान हलवत म्हणाल्या, "हं. अर्धवट सोडायचा स्वभावच नव्हता."

मामीने चहा विचारला. त्या नको म्हणाल्या.

५

यंदा मामाने आठच निशाणं लावली. खाणीकडचा भाग नकाशातून गाळला. नववा पंच फडक्यात गुंडाळून घरी कपाटात ठेवून दिला. कार्डं मात्र जुनीच, नऊ चौकटींची.

वीस जण उतरले. विसावी माझी मामेबहीण. पाच फूट आठ इंच उंच, तरी घरात सगळे तिला बारकीच म्हणतात.

"बाबा, माझ्यानंतर कोण?"

"कुणी नाही. तू शेवटची."

"म्हणजे यंदाची घड्याळजी मी!"

सगळे हसले. मामा सोडून.

६

पहिले परत आले शाळेतले पीटी सर. घामाघूम, खूश.

"नववं मस्त लपवलं होतंत हो!"

"कसलं नववं? यंदा आठच आहेत."

"मग ही फुली काय माझ्या सासूने टोचली?"

मामाने कार्ड घेतलं. नवव्या चौकटीत पाच भोकं. चार कोपऱ्यांत, एक मध्ये. फुली.

हा पंच घरी कपाटात होता...

"कुठे टोचलंत?"

पीटी सर रानाकडे बघायला लागले. "कुठे म्हणजे... टोचलंच असणार ना कुठेतरी. आठवत नाही बुवा."

दुसरं कार्ड. फुली.

पाचवं. फुली.

एकोणीस कार्डं आली. एकोणीस फुल्या. मामा एकेक कार्ड पालथं घालत गेला. बोटाखाली भोकांच्या कडा लागत होत्या. ताज्या.

बारकी आली नव्हती.

७

मामा तोंडावर पाणी मारायला नळापर्यंत गेला. पाच मिनिटं. जास्त नाही.

परतला तेव्हा क्लबच्या चिटणीस दोरी गुंडाळत होत्या. दातांच्या डॉक्टर आहेत, सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात.

"चला, आले सगळे. आवरा आता."

"बारकी?"

"आली की. टिक आहे."

खरंच होती. विसाव्या नावापुढे. हिरवी.

"ही कुणी केली?"

"अहो, हिरवं पेन तुमच्याशिवाय कोण वापरतं? मास्तर लोकसुद्धा लाल वापरतात."

"तुम्ही बघितलंत तिला? डोळ्यांनी?"

"मी पाठमोरी होते. पण टिक आहे ना? टिक म्हणजे माणूस बाहेर. नियम तुमचाच आहे, महाराज."

मामाने खिशाला हात लावला. पेन होतं.

टोपण टेबलावर पडलं होतं...

दुसरा कुणी बाप असता तर टिक बघून निवांत बसला असता. पण अशी टिक खोटी असू शकते, हे त्या बागेत एकट्या मामाला माहीत होतं.

तो रानात धावला.

८

"बारके! ए बारके!"

पहिलं निशाण जागेवर. तिथे कुणी नाही.

दुसरं जागेवर. मामाने सहज मागे वळून पाहिलं.

पहिलं निशाण नव्हतं.

वारा असेल, असं म्हणून तो पुढे गेला. तिसरं. चौथं. मागे वळला. मागे नुसती झाडं. आत्ताच ओलांडलेली निशाणं कुणीतरी त्याच्या पाठोपाठ काढत येत होतं. पाऊल वाजत नव्हतं. फक्त कापडाची घडी घातल्यासारखा आवाज...

ते रान मामाने स्वतः मोजलेलं. डोळे मिटून फिरला असता. पण आता त्याला परतीची वाट सुचेना.

आठव्यापाशी नुसता पंच लोंबत होता.

आणि मग शिट्टी.

सहा वेळा. खाणीच्या बाजूने.

"बारके, हलू नकोस! आहे तिथेच थांब!"

९

केशरी-पांढरं निशाण त्याला लांबूनच दिसलं. वाकड्या झाडाला.

मामा मोजणीवाला. धावतानाही डोकं चालू होतं. वाकडं झाड, पुढे दहा पावलं, मग कड. म्हणजे निशाणापर्यंत जायला हरकत नाही.

तो निशाणापर्यंत गेला.

निशाण वाकड्या झाडाला नव्हतंच. कडेच्या पलीकडे लोंबत होतं. कशाला लोंबत होतं ते त्याला दिसलं नाही, कारण तोपर्यंत पायाखाली काही उरलं नव्हतं.

शुद्धीवर आला तेव्हा उजवा पाय भलत्या दिशेला वळलेला. त्याने गळ्यातली शिट्टी वाजवली. सहा. थांबला. पुन्हा सहा.

वर, कडेवर, कुणीतरी येऊन बसलं. गुडघे वाजले, म्हातारी माणसं बसताना वाजतात तसे.

"नववं सापडलं का?"

आवाजात राग नव्हता. मामा म्हणतो, राग असता तर बरं झालं असतं.

"काका... माझी पोरगी..."

"ती परत आली. मी स्वतः टिक केली."

मामा रडायला लागला. "कुणाला तरी बोलवा हो. पाया पडतो."

"कशाला? कुणी शोधणार नाही." मग अगदी समजुतीने... "तुमचीही केलीये मी."

त्यानंतर सकाळपर्यंत काय झालं, ते मामा सांगत नाही.

टेबल

बारकी खरंच परत आली होती. टेबलावर एक आजोबा बसले होते, टोपी घातलेले. त्यांनी कार्ड घेतलं, टिक केली आणि म्हणाले, "गाडीपाशी जाऊन थांब बाळ. बाबा येतायत." ती मैदानाच्या फाटकाशी लावलेल्या गाडीला टेकून तासभर उभी होती.

तिला शिट्ट्या ऐकू आल्या. सहा, मग सहा. समोर मैदानात सामना रंगला होता. तिला वाटलं, सामन्याचा रेफरी वाजवतोय.

साडेसहाला डॉक्टरीणबाईंनी यादी पाहिली. वीस नावांखाली एकविसावं नाव, नीटस अक्षरात. मामाचं. हिरवी टिक, शेजारी वेळ: पाच वाजून पाच मिनिटं. मामा तर सव्वापाचनंतर आत शिरला होता. पण घाईत वेळ कोण बघतं? टिक आहे म्हणजे रानातून बाहेर आला. मग दवाखाने झाले, बसथांबे झाले, माझ्या आईला फोन झाला.

सकाळी त्याच कुत्रेवाल्या माणसाला मामा दिसला. त्याने आता तिकडे पळणं सोडलंय.

मामाच्या मुठीत एक कार्ड होतं. आठ चौकटी कोऱ्या. नववीत फुली.

मी सरळ सांगितलं, "मामा, काकूंकडे जा आणि खरं काय ते सांगून टाक."

"पाय बरा झाला की जातो रे."

पाय बरा झाला. जरा लंगडतो, पण बाजारात जातो, कामावर जातो. काकूंचं घर वाटेतच आहे.

मागच्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. बारकीने मला आत बोलावलं, कपाट उघडलं आणि ते कार्ड दाखवलं. पंच तसाच फडक्यात. फडक्याची गाठही सुटलेली नाही.

आठव्या चौकटीतही फुली आली आहे.

उलट क्रमाने.

"दादा, पहिलीपर्यंत पोचलं की काय होईल?" तिने विचारलं. बाहेरच्या खोलीतून मामा ओरडला, "काय खुसपुसताय दोघं?" आम्ही कपाट लावून टाकलं.

४

मागच्या वर्षीच्या त्या रविवारी मैदान बंद होतं. फाटकावर पाटी होती: नवीन गवत लावले आहे, महिनाभर खेळ बंद. मामाने गाडी त्या पाटीखालीच लावली होती.