कुंकवाची रेघ

"कुंकवाला नावं ठेवायची असतील तर पाना खाली ठेव आणि चालायला लाग."

असं म्हनली ती मला. भेटून पाच मिनिटं झाली नव्हती. माझं नाव गोरख हाय हे बी तिला ठाऊक नव्हतं.

मी पन काय ऐकून घेनारा न्हाई. दहावीत शाळा सोडली ती सरांशी भांडूनच, त्याला आता चार वर्षं झाली. पिरंगुटला गॅरेजमधी असतो. खंडेनवमीला पाने-पकडींची पूजा झाली, दुपारनं सुट्टी मिळाली, म्हनून ताम्हिणीला घरी निघालो व्हतो. पौडात एसटी थांबली आन् खिडकीतनं दिसलं... रस्त्याकडंच्या घरापुढं पांढरी जुनी फियाट, बॉनेट उघडं, आन् एक पोरगी सारखी चावी फिरवतीय. इंजन नुसतं खोकत व्हतं, धरत न्हवतं. असला आवाज ऐकला की मला बसवत न्हाई. उतरलो.

"बाजूला हो," म्हनलं, खिशातला पाना काढला आन् डिस्ट्रिब्युटरचं टोपन उघडलं. मुठीएवढा डबा असतोय तो, आतला काटा, म्हंजी रोटर, फिरत फिरत चारी प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटतो. आत बगतो तर पॉइंटवर, उघडमीट करून ठिणगी पाडनाऱ्या टिकल्यांवर, लाल चिखल! तेलात कालवलेलं कुंकू. मी फाडकन बोललो, कुंकवानं मारली तुमची गाडी, कुन्या येड्यानं लावलं हे?

त्यावर तिचं ते वाक्य आलं.

ओट्यावर तिचे आजोबा बसले व्हते, हैबतराव, ती त्यांना आबा म्हनायची. त्यांनी मला हाक मारून चहा पाजला, सगळं सांगितलं. चाळीस वर्षं दर दसऱ्याला ही गाडी ताम्हिणीचा घाट चढून देवीला सोनं वाहायला जाते. आता त्यांना दिसत न्हाई, म्हनून औंदा नात चालवनार, गौतमी. पन तिच्या पप्पांनी सांगून ठेवलं व्हतं, उद्या घाट चढली न्हाई तर परवा भंगारवाला येईल.

बोलत बोलत आबा उठून गाडीपाशी आले, हात आरशावर ठेवला. म्हातारा आरसा पुसत व्हता, त्यात त्याला काय बी दिसत नसताना.

मी म्हनलं, हा डबाच बदलायला लागंल. गॅरेजात माझ्या पेटीत एक चांगला जपून ठेवलाय, घेऊन येतो. गौतमी कडेला उभी व्हती. हातावर मेंदी, मनगटावर ग्रीस. "परत येशील कशावरनं?" म्हनली.

मी तापलोच. जायच्या आदीच जुना डबा काढायला घेतला, बोल्ट सोडला आन् रागाच्या भरात खूण न करताच उपसला. माझी नजर लई बारीक हाय, गॅरेजात सगळे म्हनतात. पन तवा नजर बोल्टवर कुटं व्हती... ती कानामागं केस सारत व्हती.

टेम्पोनं पिरंगुटला जाऊन ऊन उतरायच्या आत परत आलो. नवा डबा बसवला. पॉइंटची फट पातीनं मोजली, वायरी लावल्या. "मार चावी."

फाट्ट! कार्बोरेटरमधनं भडका उडाला. परत मारली, परत तेच. फाटकात तिचे पप्पा बुलेटवर येऊन थांबले व्हते. नुसते हसले. मी पाना भिरकावला, तो तुळशीत जाऊन पडला. म्हनलं, जमत न्हाई, जातो मी.

गौतमीनं माझी बाही धरली आन् मला बॉनेटमधी वाकवलं. "तितं बघ."

काळ्या ग्रीसवर, डब्याच्या बुडाशी, करंगळीच्या नखाएवढी लाल रेघ.

"तू काढायच्या आधी लावली. रोटरचं तोंड होतं तिथं. आबांनी शिकवलंय, इंजनातलं काहीही काढायचं तर आधी कुंकू लावायचं."

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"कुंकवाचं नाव काढलं की चावतोस तू."

मी बसवताना तोंड बॅटरीकडं केलं व्हतं. तिची रेघ बरोबर उलट्या बाजूला. म्हंजी अर्धा फेरा चुकलो व्हतो. परत उचलला, अर्धा फेरा फिरवला, बसवला. तिनं परत चावी मारली... आन् गाडी अशी सुरू झाली, जनू कधी बंदच पडली नव्हती. मी डबा केसभर फिरवत ठिणगीचं टाइमिंग लावलं. आबांनी कान देऊन ऐकलं आन् मान डोलावली. बस्स.

पाना शोधायला तुळशीपाशी गेलो तर ती मागं आली. हळूच म्हनली, "पॉइंटवर कुंकू मीच लावलं होतं, आज सकाळी पूजेत. मला वाटलं गाडीचं काळीज तेच..."

तिचे डोळे भरले व्हते. मग मला खरं सांगावंच लागलं. त्या डब्याच्या शाफ्टला आधार देनारं बुश कधीच झिजलं व्हतं, शाफ्ट हातात डुलत व्हता. कुंकू नसतं तरी गाडी थांबलीच असती. मला पहिल्यापासनं ठाऊक व्हतं. उगाच तोंड टाकलं.

तिनं डोळे पुसले, तोंडाला ग्रीस लागलं. मी सांगितलं न्हाई. लई चांगली दिसत व्हती.

रात त्यांच्या ओट्यावरच काढली, मला बी ताम्हिणीलाच जायचं व्हतं. दसऱ्याला सकाळी घाटात धुकं, झिमझिम पाऊस. ती चालवतीय, मी बाजूला, आबा मागं. पप्पा बुलेटवर मागनं, कवा अडकतीय बगत. चढाला तिनं गिअर टाकला, गाडीनं हूं केलं आन् ओढली वर. तिसऱ्या वळनावर आरशात बगितलं तर बुलेट दिसंना. आबा मागं वळनं मोजत व्हते, लहान पोरावानी.

देवळापाशी तिनं आबांना सोनं दिलं, पप्पांना दिलं. पप्पांनी गाडीच्या टपावर एक थाप मारली, म्हनले, भंगारवाल्याला फोन करून नको म्हनतो. मग ती माझ्यापाशी आली. आपट्याचं पान तळहातावर ठेवलं, पन हात काढला न्हाई.

"पुढच्या दसऱ्याला बाजूच्या सीटवर कोण असेल?"

"मीच," म्हनलं. "त्याच्या पुढच्याला बी."

"आणि भांडलास तर?"

"तर बी बाजूलाच बसून भांडंन."

तिनं खाली बगितलं... आन् बोटं घट्ट केली.

आता दर रविवारी ती आबांना फिरवायला आननार आन् गॅरेजपुढं तीनदा हॉर्न मारनार. पुढचं बी सांगितलं असतं, पन हा बगा, वाजला. जातो मी.