आतून लागणारी कडी

दार वाजलं तेव्हा मावशी ओल्या हातांनीच पुढे झाली, आणि उंबऱ्यापलीकडे गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात मोजायची टेप घेऊन उभ्या असलेल्या तरुण बाईकडे पाहताच तिचे हात तसेच हवेत राहिले... सोळा वर्षांनी टाचणी दारात उभी होती.

टाचणी हे तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. सुतार माणूस, पोर अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून टाचणी. आता मात्र वसाहतीतले सगळे तिला मॅडम म्हणत होते, कारण जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या करणाऱ्या कचेरीतली ती आर्किटेक्ट होती.

"नमस्कार," टाचणी हातातल्या कागदाकडे पाहत म्हणाली. "घरात किती माणसं राहतात?"

"मी एकटीच."

"बाकीचे?"

"सासूबाई कधीच गेल्या. दीरही गेले, चार वर्षं झाली."

पेन क्षणभर अडखळलं, पुन्हा चालू लागलं. बरोबरचा सहकारी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप ताणून आकडे सांगत होता आणि ती मुकाट्याने लिहून घेत होती. याच खोलीत आपण बाराखडी गिरवली, याच बाईच्या मांडीवर डोकं ठेवून ताप काढला, याची पुसटशी खूणही तिच्या चेहऱ्यावर नव्हती.

"शनिवारी शाळेच्या सभागृहात सभा आहे," निघताना ती म्हणाली. "नव्या घरांचे नियम ठरायचेत. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तुम्ही तिथे मांडा."

तुम्ही... दार लावून मावशी तिथेच खाली बसली. तो एक शब्द तिच्या काळजात खोलवर रुतला होता.

टाचणी सहा वर्षांची असताना मावशी या घरात दुसरेपणावर आली. पोरीला आई आठवत होती, म्हणून हिने स्वतःहून सांगितलं, "मला मावशी म्हण." दोघींचं असं गूळपीठ जमलं, की सुतार थट्टेने म्हणायचा, मी या घरात भाडेकरू आहे. टाचणी बारा वर्षांची झाली आणि तो अचानक गेला. घर सासऱ्यांच्या मागे धाकट्या दिराच्या नावावर झालेलं. तो येऊन राहिला. सासूबाईंनी अंथरूण धरलेलं. एकच खोली, मध्ये दोरीवर एक पडदा. पलीकडे टाचणीचा अभ्यास, तिचं झोपणं, तिचं कपडे बदलणं.

मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या करायला जायची. एकदा यंत्र बंद पडलं म्हणून ती दुपारीच घरी परतली. टाचणी नुकतीच शाळेतून आली होती, पडद्यामागे होती... आणि दीर पडद्याच्या फटीशी उभा होता. मावशीला पाहून तो "सहज" म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला.

चार दिवसांनी तो पुन्हा तिथेच दिसला.

सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. घर त्याचं, आसरा दुसरा नाही, अंथरुणावरच्या म्हातारीला टाकून कुठे जाणार? मावशीने धुलाईघरातल्या मोठ्या बाईंचे पाय धरले आणि लांबच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात टाचणीची सोय लावली. पोरगी जाईना. गळ्यात पडून रडू लागली. तेव्हा त्या माउलीने अंतःकरणाचा दगड केला आणि म्हणाली, "मला तुझं करणं झेपत नाही. माझ्या पोटची असतीस तर गोष्ट वेगळी होती."

टाचणीचं रडणं एकदम थांबलं. तिने स्वतःची पेटी स्वतः उचलली. त्यानंतर मावशीने लिहिलेल्या एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

शनिवारी सभागृह भरून गेलं होतं. मंचावर टाचणी आणि तिचे पिकल्या केसांचे मोठे साहेब बसले होते. मागे फळ्यावर दहा नियम लिहिलेले. इमारतींची उंची, जिन्यांची रुंदी, भिंतींचे रंग. रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालायचे नाहीत, या नियमावर अर्धा तास रणकंदन माजलं. निवृत्त बसचालक उठून म्हणाले, "साहेब, माझी बनियन दिसली म्हणून शहराची शोभा जाणार असेल, तर शहरातच काहीतरी खोट आहे." सगळे पोट धरून हसले.

मग सर्वांत लहान घरांचा नियम आला. आत भिंती घालायच्या नाहीत, एकच मोकळी मोठी खोली. साहेबांनी चित्र दाखवलं. लोकांना आवडलं, घर कसं ऐसपैस दिसत होतं.

"आणि कुणाला आडोसा हवाच असेल," साहेब म्हणाले, "तर पडदा लावता येईल. प्रश्न मिटला."

आपण कधी उभ्या राहिलो, हे मावशीला कळलंच नाही.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "पडद्याला कडी नसते, साहेब."

सभागृहात खसखस पिकली. टाचणीने चमकून वर पाहिलं. मावशीने नजर साहेबांवरच ठेवली.

"एक घर होतं," ती सांगू लागली. "आमच्यासारखंच, एका खोलीचं. त्यात एक मोठी होत चाललेली मुलगी होती. आणि घरातलाच एक पुरुष होता, ज्याची नजर बरी नव्हती. त्या घरात एक भिंत असती, तिला दार असतं आणि दाराला आतून कडी असती, तर ती मुलगी तिथेच वाढली असती. दार नव्हतं, म्हणून तिला घराबाहेर काढावं लागलं. ती आपणहून जाईना, म्हणून खोटं बोलून काढावं लागलं... घर लहान द्या. माझी तक्रार नाही. पण एक खोली अशी द्या, की जी आतून बंद होईल."

आता कुणीच हसत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या रांगेतली एक बाई उठली; नुसतीच हात वर करून उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडच्या दोघी. बघता बघता एकेक हात वर येत गेला, आणि शेवटी बसचालकांनीही आपला हात वर केला, मान मात्र खाली घातली.

टाचणीच्या हातातलं पेन कधीच गळून पडलं होतं. तिने साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि ती मागच्या दाराने निघून गेली.

मावशी घरी आली तर पोरगी पायरीवर बसलेली. डोळे सुजलेले.

"म्हणजे तो माझा भास नव्हता," टाचणी म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच मन वाईट आहे."

"तुला कळलं होतं?" मावशीने विचारलं. ती तिच्याशेजारी टेकली. "मला वाटलं, तुझ्यापर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून तर बोलले नाही मी. वाटलं, पोर माझा राग करेल, पण निर्धास्त वाढेल."

"तू एकदा सांगायचं होतंस गं, मावशी..."

तू. त्या एका अक्षरासरशी सोळा वर्षांचा बांध फुटला. मावशीने तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं. जाणारे-येणारे पाहत होते, पाहू देत.

"चुकलं माझं," ती पोरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "तुला वाचवण्याच्या नादात तुला एकटीला टाकलं. पण पोटची असतीस तर, असं म्हटलं ना तेव्हा... ते नुसतं तोंडाने म्हटलं गं. एवढं खोटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले नाही."

"तुझी पत्रं आहेत माझ्याकडे," टाचणी हुंदके आवरत म्हणाली. "उघडली एकही नाही. पण फेकताही आली नाहीत."

मग टाचणीने ओढणीने तोंड पुसलं आणि पिशवीतून कागद काढला. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांसाठी दुसरी सभा होती, आणि साहेबांनी अकरावा नियम लिहून आणायला सांगितलं होतं. तिने मावशीला वाचून दाखवलं: "घर कितीही लहान असलं, तरी त्यात शक्यतो एक खोली पक्क्या भिंतीची आणि आतून कडी लागणाऱ्या दाराची असावी."

मावशीने कागद हातात घेतला. ओठ हलवत सावकाश वाचला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा 'शक्यतो' कशाला?"

"तसं लिहायची पद्धत असते, मावशी."

"काढ."

टाचणी रडता रडता हसली. तिने त्या शब्दावर आडवी रेघ ओढली, 'असावी' खोडून 'असलीच पाहिजे' केलं, आणि मावशीचा हात धरून तिला उठवलं.

"चल," ती म्हणाली. "आता हे सगळ्यांना तूच वाचून दाखव."