दुसरी ऋजुता

सकाळी ऋजुता वृद्धनिवासात डब्यात मऊ वरणभात घेऊन आली तेव्हा तिच्या आईने, शैलजाबाईंनी, तिचा हात बाजूला सारला आणि विचारलं, "कोण बाई तुम्ही?"

त्यातलं 'कोण' एक वेळ तिने सोसलं असतं. पण 'तुम्ही'? जन्मात आई तिला 'तुम्ही' म्हणाली नव्हती.

आता काचेपलीकडे तोच भात आई एका यंत्राच्या हातून मुकाट खात होती. यंत्राचं नाव प्रतिसेविका. त्याला चेहरा नव्हता, कारण शैलजाबाईंना दिसत नव्हतं. दोन मऊ हात, ऋजुताच्या साबणाचा वास, तिच्या बांगड्यांची किणकिण आणि तिचा आवाज, एवढ्यावर भागत होतं.

"जळतेय मी, डॉक्टर. सरळच सांगते," ऋजुता म्हणाली. "काय गोड गोड बोलून भुलवलंय हिने माझ्या आईला?"

सांगलीच्या या वृद्धनिवासात प्रतिसेविका घडवणारे डॉ. तन्वीर मुजावर हसले नाहीत. "अशा पंधरा दिवसांच्या अल्पनिवासाचा खर्च सरकार करतं तो घरच्या माणसाला विसावा मिळावा म्हणून. पण विस्मृतीचा पेशंट नव्या जागी घाबरतो, रडतो. मग घरचा माणूस विसावणार कसा? म्हणून आम्ही तो माणूसही इथे उभा करतो. त्याआधी तुमच्या घरी महिनाभर बोलणं टिपणारा स्वरटिपक ठेवला होता ना, त्यावरून ही शिकली."

"म्हणजे ती मीच?"

"तुम्हीच. तेव्हाच्या."

त्यांनी कळ दाबली. खोलीतला आवाज इकडे ऐकू येऊ लागला. "गिळ आता! माझा जीव घेतल्याशिवाय राहणार नाहीस तू. उघड तोंड."

ऋजुताचे कान तापले. "मी अशी बोलते? काढून टाका ते."

"काढून पाहिलं. गोड बोलली की त्या अंग चोरतात. गेली कित्येक वर्षं त्यांच्यासाठी मुलगी म्हणजे हाच थकलेला, वैतागलेला आवाज. तुम्ही पंधरवडाभर निवांत झोपलात आणि आवाजच बदलून आलात, मॅडम. आज ओळखपरीक्षा आहे. त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही तर नियमाने घरी सोडता येत नाही. अनोळखी माणसाच्या हाती पेशंट कसा द्यायचा? मग सरकारी अनुदान कायमच्या निवासाकडे वळतं आणि पेशंट इथेच राहतो."

"हिच्याजवळ?"

"हिच्याजवळ."

ऋजुता आत गेली. आईच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला प्रतिसेविका. आता कधी चिडायचं नाही, असं तिने या सुट्टीत ठरवलं होतं. तिने घास पुढे केला. "जेव ना गं आई. तुझ्या आवडीचं आणलंय."

शैलजाबाईंनी पदर सावरला, परक्या बाईसमोर सावरतात तसा. "नको हो. माझी मुलगी भरवतेय."

"गिळ आता," यंत्र म्हणालं, आणि आईने त्याच्याकडे तोंड वळवलं.

ऋजुताच्या डोक्यात तिडीक गेली. नियम, निश्चय, काचेपलीकडचे डॉक्टर, सगळं ती विसरली. तिने यंत्राचा हात धरून बाजूला लोटला. "हो बाजूला, सटवे! माझी आई आहे ती! रात्रंदिवस मी खस्ता काढायच्या आणि आयत्या वेळी तू मिरवायचंस? आणि तू गं? कोणीही भरवलं की खाशील? चल, गिळ गुपचूप!"

प्रतिसेविका गप्प झाली. महिनाभराच्या नोंदीत सगळं होतं, वैताग, थकवा, रडणंसुद्धा. पण त्या घरात हेवा करायला दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे याला उत्तर कसं द्यायचं हे ती शिकलीच नव्हती.

शैलजाबाईंनी मान वळवली. हात चाचपडत ऋजुताच्या मनगटावर आला आणि तिथे घट्ट बसला.

"आलीस का? कुठे उलथली होतीस इतके दिवस?"

ऋजुताला रडू आवरेना. "झोपले होते गं, आई."

"मग झोपायचंस की अजून. उठलीस कशाला?" आई म्हणाली, आणि घासासाठी तोंड उघडलं.