केसरबाईंची चूल

आमच्या तृप्तीचं लग्न जमलं. म्हणजे असं काही झालंच नाही, असं घरी ठरलं आहे. तेव्हा तुम्हीही ते वाचलं नाही असं समजा.

सौंसरचे विजयराव आणि सुधाबाई रविवारी संध्याकाळी जेवायला येणार होते, त्यांच्या अभिजीतसाठी पसंती सांगायला. तृप्तीला अभिजीत आवडला होता. ती तसं बोलली नव्हती. पण माझी बहीण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून लसूण सोलत बसली होती. याहून मोठा पुरावा काय द्यावा?

आईनं मला शनिवारी पांढुर्ण्यातल्या आमच्या गल्लीत चूलबंद आवतण द्यायला पाठवलं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं.

"रोशन, एकबी घर सोडू नको," आई म्हणाली.

मी आज्ञाधारक मुलगा. शेजारच्या केसरबाईंच्या दारापुढेही उभा राहिलो. त्या दाराला अकरा वर्षं कुलूप आहे. केसरबाई आणि त्यांचा लग्नाच्या वयाचा मुलगा श्रावण एकाच आठवड्यात तापानं गेले. मी कुलपाला नमस्कार केला. "मावशी, उद्या तुमची चूल बंद. श्रावणभाऊलेबी आणजा."

कुलूप काही बोललं नाही. विनोद कळला नसेल.

रविवारी पाचच्या सुमारास आत पातोडीच्या रश्श्याला उकळी आली होती आणि मी अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजत होतो. आई पदराला हात पुसत बाहेर आली. कुंपणापलीकडे बघून सहज म्हणाली, "आज केसरबाईच्या पत्र्यावर धूर नाही दिसून राहिला."

"चूल बंद आहे ना त्यांची," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी पत्र्याकडे.

रोज संध्याकाळी त्या पत्र्यावरून धूर निघायचा. अकरा वर्षं आम्ही तो पाहत होतो. गल्लीत धूर असतोच. कोणाचा, हे कोण विचारतं?

एक रोडगा करपला.

सातला पाहुणे आले, गल्लीतली मंडळी आली, अंगणात पंगत बसली. सुधाबाईंच्या डाव्या हाताची दोन पानं रिकामी होती. तृप्ती वाढत तिथवर गेली, वाकली, दोन्ही पानांत वाढून पुढे सरकली. मला वाटलं, कोणी हात धुवायला उठलं असेल.

जेवण निम्म्यावर असताना सुधाबाई उठल्या. विजयरावांनाही उठवलं. फाटकाशी आईनं त्यांना गाठलं.

"काय चुकलं आमचं, ताई?"

"तुमी आधी सांगाले पाहिजे होतं. पोरीचं जमलं आहे म्हणून."

"कोणासंग?"

"आता मलेच विचारता? त्या बाई माझ्या बाजूलेच बसल्या होत्या, पोराले घेऊन. म्हणल्या, ही आमची सून. अकरा वर्षांपासून पाहून राहिलो."

मी पंगतीकडे पाहिलं. ती दोन्ही पानं पुसून खाल्लेली होती. कडेला पिळलेल्या लिंबाच्या दोन फोडी.

सोमवारी सकाळी उंबऱ्यावर नारळ, खण आणि हिरव्या बांगड्या होत्या. खणाला धुराचा वास होता. हात लावू नको, असं आईनं तृप्तीला तीनदा बजावलं.

दुपारी तृप्ती स्वयंपाकघरात आली. बांगड्या हातात होत्या.

"मी नाही भरल्या, दादा," ती म्हणाली.

साबण लावला. तेल लावलं. निघाल्या नाहीत.

आता पाच वाजले आहेत. शेजारच्या पत्र्यावर धूर आहे, लग्नघरासारखा दाट.

आमचा गॅस पेटत नाही. टाकी कालच लावली आहे. अंगणातल्या गोवऱ्याही पेटत नाहीत.

आज चूल आमची बंद. केसरबाईंचं आवतण पोचलं.

प्रति, मुख्य नगरपालिका अधिकारी, पांढुर्णा. महोदय, आमच्या शेजारील कुलूपबंद घरात कोणीही राहत नसल्याचा, तसेच तेथे लग्नाचा मुलगा नसल्याचा दाखला आज सायंकाळी जेवणाच्या वेळेपूर्वी मिळावा, ही नम्र विनंती. सोबत: नारळ, एक नग.