मातीखालच्यांना आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या अनसिंगात बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला कळतं की नाही, कोणी विचारत नाही. पण ज्याला आवतन दिलं तो जेवायला येतोच.

यंदा नात वैष्णवी पोळ्याला आली ती तोंड पाडून. तिची कादंबरी अडली होती. मातीखाली राहणाऱ्या लोकांची गोष्ट. त्यांच्या भाषेची पहिली मुळं तिला हवी होती, म्हणजे पुढचे शब्द त्यांतून फुटतील.

"आबा, तुमी जलमभर गप्पा हाणल्या. आता मले शब्द द्या."

मी गोठ्यात बसल्या बसल्या तीन मुळं दिली. घिल म्हणजे मातीखालचे. थुम म्हणजे या. ओख म्हणजे जेवण.

"अन् 'उद्या'ले काय?"

"खाली सदाचा अंधार. तिथं कायचा उद्या?"

ती हसली नाही. "मेलेले वाटून राह्यले शब्द. कोणाले कळतच नसन तं कायची भाषा? सोडून देतो मी पुस्तक."

मग मीच उठलो. खंड्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि यंदाचं आवतन त्याच भाषेत दिलं. "घिल, थुम. ओख."

खंड्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. खुराजवळची माती हुंगली आणि एकेक पाय उचलत तो बाजूला झाला. पाहुण्याला वाट द्यावी तसा.

"कळलं त्याले!" वैष्णवीनं टाळी पिटली.

"नाटकी हाये तो. माह्यासारखा."

पोळ्याला पुरणपोळीचं ताट ठेवलं, तर खंड्या दाव्याला ताण देऊन लांबच उभा. आरती आणायला आम्ही घरात गेलो. परत आलो तेव्हा ताट चाटूनपुसून साफ होतं. खंड्याचं तोंड कोरडं होतं. ताटाखालची माती तेवढी भुसभुशीत, नुकती वखरल्यासारखी.

"कुत्रं असन," मी म्हणालो.

वैष्णवीनं खाली बसून मातीवर तळहात टेकला आणि बराच वेळ उचलला नाही.

सकाळी ती ओसरीवर भराभर लिहीत होती. चेहरा खुललेला.

"आबा, 'उद्या'चं मूळ कायले लपवून ठेवलं होतं?"

"मी नाही बनवलं, बाई."

"मंग रात्री कानात कोनं सांगितलं?"

ती हसून पुन्हा खाली वाकली. ओढणी सरकली.

तिच्या खांद्यावर तूप-हळद चोळलेली होती. अजून ओली.