शेफालीचा पूर्वपक्ष

शेफाली त्या संध्याकाळी वाद घालायला गेलीच नव्हती. ती गेली होती छत्री आणायला.

छत्री तिच्या रूममेटची, दीपमालाची. सदाशिव पेठेतल्या एका वादविवाद मंडळात दीपमाला दर शनिवारी जाई आणि दर शनिवारी काहीतरी विसरून येई. आज तिला ताप होता, बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता आणि घरातली एकुलती एक छत्री मंडळात अडकली होती. "दोन मिनिटांचं काम आहे गं," दीपमाला पांघरुणातून म्हणाली. असल्या दोन मिनिटांच्या कामांनीच माणसांची आयुष्यं इकडची तिकडे होतात, पण हे आधी कोण सांगणार?

मंडळाच्या अध्यक्ष कौशल्याबाई या निवृत्त मुख्याध्यापिका. समोर पितळी घंटा, चेहऱ्यावर परीक्षेचा दिवस.

"छत्री मिळेल," त्या म्हणाल्या. "पण दीपमाला आज बोलणार होती. तिच्या जागी कोण?"

"मला काय माहीत? मी तर छत्री न्यायला आली."

"छत्री न्यायला येणाऱ्यांनाही तोंड असतंच. विषय फळ्यावर आहे. वाचता येतं ना?"

अमरावतीच्या मुलीला पुण्याच्या असल्या बोलण्याची दोन वर्षांत सवय झाली होती. ती हसून परत फिरणार, तेवढ्यात तिची नजर फळ्यावर गेली. ‘हवाई दलाला आधी काय हवे – नवी विमाने की उत्तम प्रशिक्षण?’ वर्षानुवर्षं रखडलेल्या शिकाऊ जेट विमानांच्या खरेदीला मंजुरी मिळाल्याची बातमी तेव्हा ताजी होती. चहाच्या दुकानातसुद्धा माणसं आपणच परवा विमान उतरवून आल्यासारखी बोलत होती.

शेफालीचे पाय तिथेच थांबले. तिचा मामेभाऊ श्यामदादा हवाई दलात होता. तो तिच्याच घरात लहानाचा मोठा झालेला. एका दुपारी उडत्या विमानाचं जुनं इंजिन बंद पडलं आणि दादाला आसनासकट बाहेर फेकून घ्यावं लागलं. तो वाचला, पण पाठ कायमची दुखावली आणि उडणं संपलं. आता तो अमरावतीत कॉम्प्युटर क्लास चालवतो, पोरांना हसवतो. पण घरी त्या दिवशी आधी ‘विमान पडलं’ एवढाच निरोप आला होता. ‘वाचला’ हा निरोप यायला रात्र झाली. मधला सगळा वेळ मामी अंगणात उभी होती आणि शेफाली तिचा हात धरून.

"बोलते मी," शेफाली म्हणाली. "नवी विमानं हवीत."

"बसा. आमचे नियम दोन. घरच्या गोष्टी सांगून टाळ्या घ्यायच्या नाहीत. इथे मुद्दे लागतात, हुंदके नाहीत. आणि समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते आपल्या तोंडाने मांडायचं. त्याचा पूर्वपक्ष. तो ऐकून समोरचा ‘मान्य’ म्हणाला, तरच पुढे उत्तर द्यायचं."

समोरच्या बाजूने जो उठला तो उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला मुलगा होता. नाव इंद्रजीत. शेजारच्याच गल्लीत एका क्लासमध्ये गणित शिकवत असे. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा सावरून बसावा.

"सायकल शिकलेल्या माणसाच्या हातात थेट एक्सप्रेस-वेवर ट्रक दिला आणि तो उलटला, तर दोष कुणाचा? ट्रकचा? आपला शिकाऊ वैमानिक सावकाश उडणाऱ्या विमानातून एकदम आवाजाच्या दुप्पट वेगाच्या विमानात बसतो. मधली पायरीच नाही. आधी पायरी बांधा, मग माडी."

टाळ्या पडल्या. शेफाली उठली. ओढणी ओली, चपला ओल्या, आणि डोळे मात्र लखलखीत.

"जुन्या स्कूटरला नवा आरसा लावला, नवा हॉर्न लावला, तरी इंजिन जुनंच राहते ना? विमानांची सुधारणा म्हणजे तेच करून राहिले आपण. नवं रडार, नवे काटे, आणि खाली तेच इंजिन. ते भर आभाळात बंद पडलं, की आत बसलेला कितीही शिकलेला असो, त्याच्या हातात एकच गोष्ट उरते... बाहेर पडणं."

शेवटच्या दोन शब्दांवर तिचा आवाज हलला. कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे, तिला तसं वाटलं.

इंद्रजीत उत्तराला उभा राहिला. "आपलं म्हणणं असं, की सुधारणेला मर्यादा आहे, जुन्या यंत्राचा भरवसा नाही, म्हणून पैसा आधी नव्या विमानांत घालावा. मान्य?"

शब्द न् शब्द बरोबर होता. आणि तरी –

"नाही," शेफाली म्हणाली.

हॉलमध्ये खसखस पिकली. त्याने पुन्हा मांडलं, आणखी नेटकं. ती पुन्हा "नाही" म्हणाली.

"मग राहिलं काय, ते तरी सांगाल?"

"ते तुम्ही शोधा."

घंटा वाजली. "वेळ संपली," कौशल्याबाई म्हणाल्या. "वाद अपुरा. इथे अपुरा वाद त्याच दोघांनी पुरा करायचा असतो. कधी, ते तुमचं तुम्ही बघा. मला कुलूप लावायचंय."

आणि शेफाली छत्री न घेताच बाहेर पडली.

ती टिळक रोडला लागते न लागते तोच मागून कुणीतरी धावत आलं. हातात दीपमालाची छत्री, आणि ती उघडायचं मात्र त्याला सुचलेलं नव्हतं. केसांतून पाणी गळत होतं.

"अहो, छत्री."

"हातात छत्री असून भिजणारा माणूस पहिल्यांदा पाहिला मी," ती म्हणाली.

"आपली परवानगी घेतल्याशिवाय कशी उघडणार? आपण काहीच मान्य करत नाही."

ती हसली. त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली, स्वतः अर्धा बाहेर राहिला. कोपऱ्यावर तो म्हणाला, "शोधतो मी. पण शोधायला भेटावं लागेल."

मग ती भेटू लागली. कधी त्याच्या क्लासखालच्या अमृततुल्यमध्ये, कधी कल्याणीनगरला तिच्या कंपनीच्या फाटकासमोर. ती तिथे कुठल्याशा अमेरिकन बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि संध्याकाळी हा तिच्या म्हणण्यातलं राहिलेलं शोधायला हजर. मोबाइलवर येणारे फोन नुकतेच फुकट झाले होते, त्यामुळे फोनचा खर्च सगळा त्याचा आणि ‘नाही’ म्हणण्याची मजा सगळी तिची. ‘आपण’चं ‘तुम्ही’ झालं, ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कुणालाच कळलं नाही.

"सुटे भाग मिळत नाहीत, हे राहिलं होतं?"

"नाही."

"कारखाने इथेच उभारावेत, हे?"

"ऊं हूं."

"तुला मी आवडतो, हे?"

"विषयाला धरून बोल," ती म्हणाली आणि कपातला संपलेला चहा पुन्हा प्यायली.

त्याची एक खोड होती. आभाळात आवाज झाला की वाक्य अर्धं टाकून तो वर बघायचा. लोहगावच्या हवाई तळावरचं विमान दिसेनासं होईपर्यंत त्याला पृथ्वीवर काही दिसत नसे. शेफाली त्या वेळी खाली बघत असे. ते त्याला कळायचं नाही, कारण तो वर बघत असे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "जानेवारीत दीपमालाचं लग्न आहे. येशील ना?"

"जानेवारीत मी नसेन गं. हैदराबादला ट्रेनिंग सुरू होतंय." तिचा चेहरा बघून तो गोंधळला. "हवाई दलात निवड झालीय माझी. पायलट म्हणून. सगळ्या मंडळाला माहीत आहे... मला वाटलं, तुलाही."

शेफालीने कप खाली ठेवला. मंडळात ती एकदाच गेली होती, आणि तेही छत्री आणायला.

त्यानंतर तिने त्याचे फोन घेतले नाहीत. मामीसारखं अंगणात उभं राहायचं नाही, हे तिने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. पण ठरवलेलं मनाला कळवायचं राहून गेलं असावं. फोन वाजला की तीच आधी धावायची आणि मग वाजणाऱ्या फोनकडे बघत बसायची. इंद्रजीत तिला आवडत होता. नुसता आवडत नव्हता, तिच्या दिवसाचा अर्धा भाग होऊन बसला होता. आणि तो नेमका तिथेच निघाला होता, जिथे बघायची तिला भीती वाटे.

"तुझं दुखणं काय ते त्याला सांगून तरी टाक," दीपमाला म्हणाली.

"सांगितलं तर तो थांबेल गं. माझ्यासाठी थांबेल. आणि मग जन्मभर वर बघत बसेल."

डिसेंबरात फोन आला तो त्याच्या आईचा, आनंदीबाईंचा. "हुरडा पाडलाय. रानात याचं. इंद्या न्याया येईल." आईला नाही म्हणायला शेफालीला जमलं नाही. खरं तर जमवायचंही नव्हतं.

खडकवासल्याला त्यांचं रान आता तीन बाजूंनी इमारतींनी वेढलेलं होतं. मधल्या तुकड्यात ज्वारी उभी होती आणि बांधावर आगटी पेटली होती. आनंदीबाईंनी तिच्या ओंजळीत गरम हुरडा ओतला, वर शेंगदाण्याची चटणी.

"तुमी दोघं लई भांडता म्हनं," त्या म्हणाल्या. "भांडा, पन पोटभर खाऊन भांडा. उपाशी भांडाण कडू हुतं." आणि पाणी आणायच्या निमित्ताने त्या विहिरीकडे निघून गेल्या.

दोघंच उरली. इंद्रजीत आगटीतली राख काडीने उगाच सारखी करत होता. "रागावलीस?"

ती काही बोलणार, तेवढ्यात धरणाच्या अंगाने तो आवाज आला. आधी बारीक, मग सगळं आभाळ फाडत. शेफालीने सवयीने मान खाली घातली, डोळे गच्च मिटले. हुरड्याची मूठ आवळली गेली. आवाज डोक्यावरून गेला, लांबला, विरला. तो नुसता विरून चालत नसे. मधेच बंद तर पडला नाही ना, हे तिला शेवटपर्यंत ऐकावं लागे. सगळं शांत झाल्यावर तिने डोळे उघडले.

इंद्रजीत वर बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"विमान...?" ती म्हणाली.

"गेलं."

"तू पाहिलं नाहीस?"

"नाही." त्याने हळूच तिची मूठ सोडवली. हुरड्याचं पीठ झालं होतं. "घरचं कोण होतं, शेफाली?"

मग तिने सांगितलं. दादा, अंगण, मामीचा हात. सगळं, मंडळाच्या नियमाबाहेरचं. तिचं झाल्यावर तो मंडळात उभा असल्यासारखा ताठ बसला.

"तुझं म्हणणं असं," तो म्हणाला, "की विमानं कुठली घ्यायची, किती सुधारायची, याचा हिशेब करताना वर बसलेल्याचाच विचार होतो. पण खाली कुणीतरी कान लावून उभं असतं, आणि त्याला कुणी प्रशिक्षण देत नाही. जुनं इंजिन त्याच्याही जिवावर उडतं. म्हणून नवी विमानं हवीत." तो थांबला. "आणि मी जाणार, याची तुला भीती वाटते. मान्य?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तिने पुसलंही नाही.

"मान्य," शेफाली म्हणाली.

"मग आता उत्तर..." त्याने आगटीतली राख पुन्हा काडीने सारखी केली. "तू म्हणालीस तर मी – "

"थांब. तुझा पूर्वपक्ष मी कधी मांडलाच नाही." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुझं म्हणणं असं, की लहानपणी याच बांधावर उताणं पडून तू आभाळ बघितलं. दुसरं काही करशील तर चांगलं करशील, पण अर्ध्या मनानं. आणि चांगलं शिकलेला माणूस स्वतःही परत येतो, विमानही परत आणतो. म्हणून तुला नीट शिकायचंय... आणि मी थांबवलं तर तू थांबशील, पण थांबवू नये असं तुला वाटते. मान्य?"

"मान्य," तो म्हणाला. आवाज हलला, आणि या वेळी तो तिच्या लक्षात आला.

"मग तुझं उत्तर?" त्याने विचारलं.

"आज नाही."

"म्हणजे?"

"वाद अपुरा ठेवायचा," ती म्हणाली. "अपुरा वाद त्याच दोघांनी पुरा करायचा असतो. कौशल्याबाईंचा नियम आहे. तू तिकडे नीट शिक, आणि परत येऊन ऐक."

"हे हो आहे की नाही?"

"अमरावतीची आहे मी, इंद्रजीत. तुमच्यासारखं तिरकं नाही बोलता येत. आवडतोस तू मला. वाट पाहीन. भीत भीत पाहीन, पण पाहीन."

त्याने तिचा हात हातात घेतला, पिठासकट. धरणाकडून पुन्हा बारीक आवाज उठला.

"दुसरं येतंय," तो म्हणाला. "ही जोडीनं उडतात."

शेफालीने त्याचा हात घट्ट धरला आणि मान वर केली. डोळ्यांत ऊन गेलं, पण तिने ते मिटले नाहीत. विमान इमारतींच्या वरून चकाकत गेलं.

"देखणं आहे," ती म्हणाली. "पण जुनं आहे. नवी घ्यायला पाहिजेत."

"आधी प्रशिक्षण."

"इंजिन तेच राहिल्यावर काय करून राहिलास प्रशिक्षण घेऊन?"

विहिरीकडून कळशी घेऊन येणाऱ्या आनंदीबाईंनी लांबूनच ऐकलं आणि आगटीत आणखी चार कणसं टाकली.