एक ते दोनमधला ताप

वहिनीने खरा गुन्हेगार पकडला, त्याने सगळ्यांसमोर कबुली दिली आणि तरीही बाईंची नोकरी गेली. पण हे सध्या विसरू या. कार्यालयानेही तेच केलं आहे.

वहिनी खाजगी गुप्तहेर. भाऊजी तिचे दीर; हुद्दा, पिशवी धरणे.

इस्पितळाच्या लसभांडारातल्या फळ्या रिकाम्या होत्या. खराब ठरवून दोन हजार लशी सोमवारीच जाळल्या होत्या.

"पाच वाजता सुनावणी आहे," भांडार सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. "दुपारी एक ते दोन मी शीतखोलीचं दार उघडं टाकते म्हणे. बावीस वर्षांत एकदाही नाही हो!"

"म्हणतं कोण?" वहिनीने विचारलं.

"यंत्र."

भाऊजींनी तापमान टिपणाऱ्या त्या यंत्राची नोंद वाचली. बारा एकोणसाठला चार अंश. मग मिनिटामिनिटाला अकरा, सात, बारा, नऊ. दोन वाजता पुन्हा चार. शेजारी खिळ्याला काचेचा तापमापक होता. बाईंच्या वहीत त्याचा दीड वाजताचा आकडा रोज चार.

"वहीत काय, कोणीही लिहील," भाऊजी म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की खोली आणखी गार झाली.

वायरमन आला. "यंत्राचा चार्जर जळला होता. नव्याला तीन सह्या लागतात. म्हणून पलीकडच्या, मोठ्या साहेबांच्या खोलीतल्या चार्जरवरून भिंतीतून वायर ओढली. एका चार्जरवर दोन कामं."

"दुसरं कुठलं?"

"साहेबांचा टेबलपंखा."

"नंतर यंत्र तपासलं?"

"तपासनिसांनी टेबलावर ठेवून, बॅटरीवर. बिनचूक! दाखला आहे."

पलीकडच्या खोलीत साहेब म्हणाले, "एक ते दोन मी इथे डोळे मिटून विचार करतो."

"उकडत नाही?"

"पंखा असतो ना."

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "सापडलं! गारव्यासाठी साहेबच दार उघडतात."

"भाऊजी, पिशवी धरा."

पाच वाजता वहिनीने सगळ्यांना भांडारात उभं केलं आणि भाऊजींना पंख्याच्या बटणाशी पाठवलं.

"चालू!" यंत्र: बारा. काच: चार. "बंद!" यंत्र: चार. काच: चार.

"लशींनी भरलेली खोली मिनिटात सात अंश तापत नाही, मिनिटात निवतही नाही," वहिनी म्हणाली. "पंखा फिरला की त्याच वायरीतली वीज थरथरते. यंत्राला ती थरथर उष्णतेसारखी वाटते. बॅटरीची वीज शांत, म्हणून तपासणीत बिनचूक. गुन्हेगार पंखा. दार बंदच होतं."

बाई पहिल्यांदाच हसल्या.

"पटलं," साहेब म्हणाले. "पण नियमाप्रमाणे यंत्रापुढे हातची वही चालत नाही. लशी चांगल्या होत्या हे लशीच तपासून सिद्ध करावं लागेल."

"त्या तुम्ही जाळल्यात!" वहिनी म्हणाली.

"नियमानेच." आपल्या खोलीत जाऊन त्यांनी बाईंच्या बडतर्फीवर सही केली आणि घाम आला म्हणून पंखा लावला. इकडे भांडारात यंत्र बारावर गेलं.

बाईंनी खिळ्यावरचा तापमापक पुसून जागेवर ठेवला. भाऊजींनी पिशवीतून कागद काढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी सुचलं होतं.

'सबब, सोमवारी जाळण्यात आलेल्या दोन हजार लशींनी मूळ स्थितीत, चार अंशांवर, तपासणीसाठी समक्ष हजर राहावे व तसे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'

साहेबांनी तो आवक नोंदवहीत चढवला.